फटक्याआधीची हालचाल: क्षेत्ररक्षकाला मोकळीक किती?

गोलंदाज धावत सुटला की कव्हरचा क्षेत्ररक्षक चालत पुढे येतो, मिडविकेटचा येतो, सीमारेषेवरचाही दोन-चार पावलं आत सरकतो. स्लिपमधले मात्र गुडघ्यांत वाकून जागच्या जागी थांबतात. हे चित्र आपल्या डोळ्यांत इतकं मुरलेलं आहे, की त्यामागे एक काटेकोर नियम आहे हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मग एखाद्या दिवशी स्लिपचा खेळाडू चेंडू बॅटला लागायच्या आधीच लेगला पळतो, झेल घेतो आणि वाद पेटतो. ‘आधीच हलला, मग आउट कसा?’ असं एक बाजू विचारते. ‘फलंदाज क्रीझमध्ये हवा तसा नाचतो, मग क्षेत्ररक्षकानेच का पुतळ्यासारखं उभं राहायचं?’ असं दुसरी.

गेल्या दहा-बारा वर्षांत क्रिकेटच्या नियमकर्त्यांनी या बाबतीत दोन मोठी पावलं उचलली. आधी कोणती हालचाल चालेल याची व्याख्या मोकळी केली, मग न चालणाऱ्या हालचालीची शिक्षा कडक केली. ही दोन्ही पावलं योग्य होती, असं माझं ठाम मत आहे. शाळा-क्लबांच्या मैदानांवर मात्र अजूनही ‘चेंडू खेळेपर्यंत कुणी हलायचं नाही’ किंवा ‘कुणीही कसंही हललं तरी चालतं’ असे दोन टोकांचे समज ऐकू येतात. दोन्ही चुकीचे आहेत.

नियमाची चौकट

क्रिकेटचे नियम मेरिलबोन क्रिकेट क्लब, म्हणजे एमसीसी, तयार करतो. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी आयसीसी त्यांत आपल्या अटींची भर घालते. आपल्या विषयाचा गाभा नियम २८ मध्ये, त्यातही २८.६ या कलमात आहे. यष्टिरक्षकासाठी वेगळी तरतूद आहे, तिच्याकडे नंतर येऊ.

कलमाची सुरुवातच बंधनाने होते. चेंडू ‘खेळात’ आल्यापासून तो फलंदाजापर्यंत पोचेपर्यंत क्षेत्ररक्षकाची कोणतीही हालचाल अनुचित मानली जाते. चेंडू खेळात येतो तो गोलंदाजाने धाव सुरू केली त्या क्षणी. धावच घ्यायची नसेल तर गोलंदाजीची क्रिया सुरू केली त्या क्षणी. यानंतर तीन अपवाद दिले आहेत.

पहिला अपवाद सगळ्यांसाठी: उभं राहण्याच्या पवित्र्यात किंवा जागेत किरकोळ फरक करता येतो. स्लिपमध्ये वाकणं, पाय थोडे फाकवणं, वजन पंजांवर आणणं हे सगळं यात बसतं.

दुसरा अपवाद फलंदाजाच्या जवळ उभे असलेले सोडून बाकीच्यांसाठी: त्यांना फलंदाजाच्या किंवा त्याच्या यष्टींच्या दिशेने पुढे येता येतं, मात्र त्यामुळे त्यांची जागा लक्षणीय बदलता कामा नये. कव्हरचा खेळाडू गोलंदाजाबरोबर चालत येतो तो याच आधारावर.

तिसरा अपवाद सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो २०१७च्या नियमसंहितेपासून लिखित आहे: फलंदाज जो फटका खेळतो आहे, किंवा त्याच्या हालचालींवरून जो फटका तो खेळणार असं दिसतं आहे, त्याला प्रतिसाद म्हणून क्षेत्ररक्षक हलू शकतो. इथे जवळचा आणि लांबचा असा भेद नाही.

म्हणजे शीर्षकातल्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं: हलता येतं, पण फलंदाजाने काहीतरी केल्यावर आणि त्याने जे केलं त्याला उत्तर म्हणून.

बंधन मुळात कशासाठी?

फलंदाज क्रीझवर आला की पंचांकडून गार्ड घेतो आणि मग मान वळवून मैदानभर नजर फिरवतो. थर्ड मॅन आत आहे का बाहेर, फाइन लेग किती स्क्वेअर आहे, मिड-ऑफच्या डोक्यावरून मारायला जागा आहे का, हे तो मनात टिपून घेतो. पुढच्या चेंडूवर कोणता फटका मारायचा याचा निर्णय त्या नकाशावर उभा असतो. चेंडू खेळताना त्याला मागे वळून पाहता येत नाही. त्याच्या पाठीमागे कुणी गुपचूप जागा बदलली, तर त्याच्या हातातला नकाशाच खोटा ठरतो.

हीच शिस्त गोलंदाजालाही आहे. उजव्या हाताने टाकणार की डाव्या, ओव्हर द विकेट की राउंड द विकेट, हे पंचांमार्फत फलंदाजाला आधी कळवावं लागतं. न कळवता बदल केला तर नो-बॉल. गोलंदाज चेंडूत हवी तेवढी फसवणूक करू शकतो. गुगली टाकेल, वेग कमी करेल, चेंडू आत-बाहेर काढेल. चेंडू सुटण्याआधीची मांडणी मात्र उघडी असली पाहिजे, हे क्रिकेटचं जुनं तत्त्व आहे.

या बंधनाचा नीट विचार करायचा तर काळाचे दोन तुकडे वेगळे करावे लागतात. पहिला तुकडा गोलंदाजाच्या धावेचा. वेगवान गोलंदाजाच्या लांब रनअपमध्ये काही सेकंद सहज जातात. फलंदाजाची नजर तेव्हा गोलंदाजाच्या हातावर खिळलेली असते. या वेळात स्क्वेअर लेगचा खेळाडू पाठीमागून डीप फाइन लेगकडे निघाला, तर फलंदाजाला पत्ताही लागणार नाही. फलंदाजाने अजून काहीच केलेलं नसल्यामुळे ही हालचाल कशाचंही उत्तर नसते. तो निव्वळ दगा आहे, आणि नियमाचा रोख प्रामुख्याने त्याच्यावर आहे.

दुसरा तुकडा चेंडू सुटल्यानंतरचा. दोन पॉपिंग क्रीझमधलं अंतर सुमारे १७.७ मीटर. ताशी १४० किलोमीटरच्या चेंडूला ते कापायला अर्धा सेकंदही पुरेसा ठरतो. एवढ्यात स्लिपचा खेळाडू फलंदाजाचा इरादा वाचून कुठे जाऊच शकत नाही. ताशी ८० किलोमीटरच्या फिरकी चेंडूला मात्र पाऊण सेकंद किंवा थोडा जास्त वेळ लागतो. फलंदाज त्यातल्या पहिल्या निम्म्या वेळात गुडघ्यावर बसला आणि बॅट आडवी केली, तर चलाख क्षेत्ररक्षकाला दोन पावलं टाकण्याइतकी उसंत मिळते. म्हणूनच जवळच्या क्षेत्ररक्षकांच्या हालचालीचा वाद फिरकी गोलंदाजीच्या वेळी निघतो.

अबू धाबीतला झेल

हा वाद जगभर गाजला तो ऑक्टोबर २०१४ मध्ये. अबू धाबीला पाकिस्तान आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात मालिकेतला तिसरा एकदिवसीय सामना चालू होता. डावखुरा फिरकी गोलंदाज झेव्हियर डोहर्टी चेंडू टाकत होता, समोर डावखुरा फवाद आलम होता आणि स्टीव्ह स्मिथ स्लिपमध्ये. फवाद पॅडल स्वीपसाठी खाली बसू लागला. त्याची बॅट कुठे वळते आहे हे स्मिथने हेरलं आणि चेंडू अजून हवेत असतानाच तो यष्टिरक्षकाच्या मागून लेगच्या बाजूला धावला. चेंडू बॅटला लागून नेमका तिकडेच उडाला आणि स्मिथने तो झेलला. फवाद चकित झाला, पण पंचांनी त्याला बाद दिलं. तो सामना ऑस्ट्रेलियाने एका धावेने जिंकला, त्यामुळे त्या झेलाची चर्चा आणखीच रंगली.

त्या वेळी लागू असलेल्या २००० सालच्या संहितेत शब्द कडक होते. फलंदाजाजवळच्या क्षेत्ररक्षकाने पवित्र्यात किंवा जागेत किरकोळ फरक करण्यापलीकडे काहीही केलं तर ती ‘लक्षणीय हालचाल’ ठरत होती, आणि लक्षणीय हालचाल झाली की पंचांनी ‘डेड बॉल’ पुकारायचा होता. नियम शब्दशः वाचला तर स्मिथचा झेल रद्द व्हायला हवा होता. आयसीसीने मात्र अर्थ स्पष्ट केला: फलंदाज जो फटका खेळतो आहे किंवा खेळायच्या पवित्र्यात आहे, त्याला प्रतिसाद म्हणून जवळचा क्षेत्ररक्षक हलला तर ते चालेल, फलंदाजाला फसवण्यासाठी हलला तर चालणार नाही. पुढे २०१७ मध्ये एमसीसीने संहिता नव्याने लिहिली तेव्हा हाच अर्थ नियमात आला.

मला हा बदल मनापासून पटतो. त्या झेलात फवादचा कोणता हक्क हिरावला गेला? चेंडू सुटला तेव्हा त्याने पाहिलेली मांडणी जशीच्या तशी होती. लेग स्लिप मोकळी आहे हे त्याने टिपलं होतं आणि म्हणूनच पॅडल निवडला होता. त्याने आपला पत्ता उघडला, मग स्मिथने आपला टाकला. स्मिथचा अंदाज चुकला असता, फवादने ऐन वेळी चेंडू ऑफला ढकलला असता, तर स्लिपची जागा रिकामी सापडली असती. धोका दोघांनी पत्करला होता. असा झेल रद्द करणं म्हणजे खेळातल्या सगळ्यात तल्लख क्षणाला शिक्षा देणं झालं असतं.

फलंदाजांनी उघडलेला दरवाजा

हा बदल आकाशातून पडला नाही. फलंदाजांनी फटक्यांचा भूगोल बदलला, म्हणून क्षेत्ररक्षकांना मोकळीक द्यावी लागली. रिव्हर्स स्वीप जुनाच, पण टी-ट्वेंटीने तो रोजचा केला. तिलकरत्ने दिलशानने गुडघ्यावर बसून चेंडू यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून मारायला सुरुवात केली. जून २००८ मध्ये चेस्टर-ली-स्ट्रीटला केविन पीटरसनने न्यूझीलंडच्या स्कॉट स्टायरिसला चक्क डावखुरा होऊन षटकार मारले. गोलंदाज धावत असताना त्याने हातांची पकड आणि पायांची जागा दोन्ही बदलली होती. काही दिवसांतच एमसीसीने स्विच हिट वैध असल्याचं जाहीर केलं.

इयान चॅपेल यांच्यासारख्या जाणकारांनी या फटक्याला सातत्याने विरोध केला आहे. त्यांचा मुद्दा वजनदार आहे: कर्णधाराने क्षेत्ररक्षण लावलं उजव्या फलंदाजासाठी, आणि समोर अचानक डावखुरा. गोलंदाजाला हात बदलायचा तर आधी सांगावं लागतं, फलंदाजाला का नाही? शिवाय ऑफ आणि लेग या बाजू चेंडू खेळात आल्याच्या क्षणी फलंदाज जसा उभा असेल त्यावरून ठरतात, त्यामुळे बाजू बदलूनही पायचीतच्या बाबतीत त्याचा फायदा कायम राहतो.

या तक्रारीला पूर्ण उत्तर नाही, पण अर्धं उत्तर २८.६ मध्येच आहे. फलंदाज वळला ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तो वळल्याक्षणी ‘तो कोणता फटका खेळणार असं दिसतं’ ही अट पुरी होते आणि क्षेत्ररक्षकांनाही आपली जागा सोडायचा हक्क मिळतो. पॉइंटचा खेळाडू मागे सरकू शकतो, शॉर्ट थर्डचा धाव घेऊ शकतो. जुन्या कडक नियमात फलंदाज फिरायचा आणि बाकीचे बघत राहायचे. आताचा तोल त्यापेक्षा नक्कीच न्याय्य आहे.

एक मर्यादा मात्र इथेही सुटत नाही. १९३२-३३च्या बॉडीलाइन मालिकेत लेगला क्षेत्ररक्षकांची दाटी करून फलंदाजाच्या अंगावर मारा झाला. असा कोंडमारा टाळण्यासाठी आज नियम आहे की गोलंदाज चेंडू सोडतो त्या क्षणी, यष्टिरक्षक वगळता, लेगच्या बाजूला पॉपिंग क्रीझच्या मागे दोनपेक्षा जास्त क्षेत्ररक्षक नकोत. फलंदाज लवकर वळला म्हणून चेंडू सुटायच्या आधीच तिसरा तिकडे पोचला, तर तो नो-बॉलच. पांढऱ्या चेंडूच्या क्रिकेटमध्ये तीस यार्डांच्या वर्तुळाचं बंधनही याच क्षणाला मोजलं जातं. खेळपट्टीबद्दलही शिस्त आहे: चेंडू फलंदाजाला किंवा बॅटला लागेपर्यंत, किंवा बॅटच्या पुढे जाईपर्यंत, गोलंदाज सोडून कुणाचाही पाय वा हात खेळपट्टीवर येता कामा नये. सिली पॉइंटला वाकलेल्या खेळाडूचा पंजा खेळपट्टीवर झुकला तरी नो-बॉल होऊ शकतो.

यष्टिरक्षकाचं वेगळं गणित

यष्टिरक्षकाला नियम २७ लागू होतो. लांब उभ्या असलेल्या यष्टिरक्षकाने चेंडू खेळात आल्यावर लक्षणीयरीत्या यष्टींकडे सरकणं अनुचित आहे. फलंदाजाला वाटतं आहे की यष्टिरक्षक मागे आहे, म्हणून तो निर्धास्तपणे क्रीझबाहेर उभा राहतो. अशा वेळी गुपचूप पुढे येऊन त्याला यष्टिचीत करायचा हा डाव होऊ शकतो. हळू चेंडूसाठी काही पावलं पुढे यायला मुभा आहे, पण यष्टी हाताच्या टप्प्यात येतील इतकं नाही. चेंडूच्या दिशेनुसार डावी-उजवीकडे जाणं आणि फलंदाजाच्या फटक्याला प्रतिसाद देणं यालाही मुभा आहे.

त्याशिवाय यष्टिरक्षकाला पूर्णपणे यष्टींच्या मागेच राहावं लागतं, चेंडू फलंदाजाला किंवा बॅटला लागेपर्यंत अथवा यष्टींच्या पुढे जाईपर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये वानखेडेवर मुंबई इंडियन्स आणि सनरायझर्स हैदराबाद यांच्या सामन्यात याचं ठळक उदाहरण दिसलं. झीशान अन्सारीच्या चेंडूवर रायन रिकल्टनचा झेल पॅट कमिन्सने घेतला, रिकल्टन परत निघालाही. पण यष्टिरक्षक हेनरिक क्लासेनचे ग्लोव्हज यष्टींच्या पुढे आल्याचं टीव्ही पंचांना दिसलं आणि चेंडू नो-बॉल ठरला. झेलाशी क्लासेनचा काहीच संबंध नव्हता, हे खरं. पण जागेचे नियम परिणाम पाहून लावायचे नसतात, तरच ते नियम राहतात.

शिक्षा: डेड बॉलपासून पाच धावांपर्यंत

जुन्या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा दोष शिक्षेत होता. क्षेत्ररक्षकाने गैर हालचाल केली की पंच डेड बॉल पुकारत, म्हणजे तो चेंडूच झाला नाही असं मानलं जाई. आता कल्पना करा: क्षेत्ररक्षक पाठीमागे सरकला, तरीही फलंदाजाने चेंडू सीमापार केला. डेड बॉलमुळे त्याच्याच चार धावा गेल्या. चूक एका बाजूची, भुर्दंड दुसऱ्या बाजूला.

१ ऑक्टोबर २०२२ पासून हे बदललं. अशा हालचालीबद्दल आता फलंदाजी करणाऱ्या संघाला पाच दंडाच्या धावा मिळतात. आयसीसीनेही त्याच दिवसापासून आपल्या सामन्यांत डेड बॉलसोबत पाच धावांची तरतूद लागू केली. एमसीसीचं कारण साधं होतं: ही कृती अनुचित आहे आणि जाणूनबुजून केलेली आहे, तर तिची किंमत करणाऱ्यानेच मोजली पाहिजे.

इथे दोन शेजारचे नियम वेगळे ओळखायला हवेत. फलंदाज चेंडू घेण्याच्या तयारीत असताना हात हलवून, ओरडून किंवा अन्य प्रकारे त्याचं लक्ष मुद्दाम विचलित करणं हा ४१.४ खालचा गुन्हा. आणि फटका मारून झाल्यावर फलंदाजांना फसवणं हा ४१.५ खालचा. एप्रिल २०२१ मध्ये जोहान्सबर्गला फखर जमान १९३ धावांवर धावचीत झाला, तेव्हा क्विंटन डी कॉकने दुसऱ्या टोकाकडे हात दाखवल्यावरून उठलेला वाद या शेवटच्या कलमाचा होता. तो फटक्यानंतरचा प्रश्न. आपला प्रश्न फटक्याआधीचा.

जवळ उभं राहण्याची कला

मोकळीक मिळाली म्हणून जवळचं क्षेत्ररक्षण धावपळीचं झालं आहे, असं समजू नये. या कलेचा पाया अजूनही स्थिर उभं राहण्यातच आहे. मुंबईच्या एकनाथ सोलकरांचं नाव इथे आदराने घ्यावंच लागतं. २७ कसोटींत ५३ झेल, तेही बहुतांशी फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेटशिवाय. १९७१ मध्ये ओव्हलवर दुसऱ्या डावात इंग्लंड १०१ धावांत कोसळलं, त्यात व्यंकटराघवनच्या चेंडूवर ॲलन नॉटचा त्यांनी पुढे झेपावून टिपलेला झेल अजूनही सांगितला जातो. पहिल्या डावात नॉटने ९० धावा केल्या होत्या, त्यामुळे त्या एका झेलाची किंमत सामन्याएवढी होती. फटका बसेपर्यंत तोल न सोडणं आणि बसल्यावर क्षणही न दवडणं, हे त्यात दिसतं. अजिंक्य रहाणेने २०१५ मध्ये गॉलच्या कसोटीत आठ झेल घेऊन यष्टिरक्षक वगळता इतर क्षेत्ररक्षकांसाठी विश्वविक्रम केला, त्यामागेही हीच शांत नजर होती. फलंदाजाला वाचण्याची मुभा नियमाने दिली, तरी वाचता यायला हवं.

मैदानातल्या पंचाचं काम

उरतो तो कठीण भाग. ‘किरकोळ फरक’ म्हणजे किती, ‘लक्षणीय’ म्हणजे किती, हे नियमात फुटांत किंवा पावलांत दिलेलं नाही. मला ते योग्यच वाटतं. सिली पॉइंटचं एक पाऊल आणि लाँग ऑनचं एक पाऊल यांचं वजन सारखं नसतं. पंचाने स्वतःला दोनच प्रश्न विचारावेत. फलंदाजाने काही केल्यानंतर हा हलला की आधीच? आणि हलला तो फलंदाजाच्या कृतीकडे पाहून, की गोलंदाजाशी आधी ठरलेल्या डावानुसार? गोलंदाजाने खूण केली, आता हळू चेंडू लेगला येणार, म्हणून रनअप चालू असताना डीप मिडविकेट दहा पावलं बाजूला गेला, तर ते उत्तर नव्हे आणि ते चालणारही नाही.

गोलंदाजाच्या बाजूच्या पंचाला पाय, चेंडू, पायचीत सगळं पाहायचं असतं. म्हणून ही जबाबदारी मोठ्या प्रमाणात स्क्वेअर लेगच्या पंचावर येते. कांगा लीगसारख्या स्पर्धांत किंवा शालेय सामन्यांत कॅमेरे नसतात, तिथे तर तोच एकमेव साक्षीदार. आझाद मैदानात शेजारी-शेजारी सामने चालतात, एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या हद्दीत उभा असतो. तिथे कुणी पाठीमागे सरकलं हे फलंदाजाला कळणं आणखी अवघड. अशा ठिकाणी पंचाची नजर हाच फलंदाजाचा आधार.

म्हणून प्रशिक्षकांना आणि स्थानिक पंचांना कळकळीची विनंती आहे. मुलांना ‘चालत ये’ हे शिकवताना ‘कुठल्या दिशेने आणि केव्हा’ हेही शिकवा. स्लिपमधल्या मुलाला फलंदाजाचे पाय आणि बॅट वाचायला शिकवा, आणि फलंदाजाची पाठ पाहून जागा बदलणं ही हुशारी नव्हे हेही त्याच वेळी सांगा. आणि एखाद्या मुलाने स्वीप ओळखून, धावत जाऊन असा झेल घेतलाच, तर जुन्या समजुतीपोटी त्याचा झेल नाकारू नका. नियम त्याच्या बाजूने आहे.